डिपॉझिट बुडतं ते बंपरच्या खालच्या कडेवर: तोरणमाळसाठी स्पोर्ट्स कार भाड्याने घेणाऱ्यांनो, सांभाळा

पावसाळा सरत आला की जळगाव-धुळ्याकडची तरुण मंडळी तोरणमाळचा बेत आखतात. शहाद्यापासून सुमारे ५० किलोमीटर, सातपायरी घाटाची वळणं आणि हजार मीटरांहून उंचावर यशवंत तलाव. हा रस्ता उघड्या टपाच्या गाडीतून बघावा असं कुणालाही वाटेल. अशी गाडी बहुधा पुण्या-मुंबईकडून मागवावी लागते. डिपॉझिट मोठं असतं आणि लुबाडणाऱ्याची नजर त्यावरच असते.

डाव असा असतो. गाडी ठरल्या वेळी येत नाही, दिवेलागणीला येते, तीही नुकती धुतलेली. ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. गाडी आणणारा माणूस घाई करतो, चार फोटो काढून निघून जातो. परत घेताना मात्र भर उन्हात, गुडघ्यावर बसून तो बंपरखाली बोट फिरवतो आणि जुनाच ओरखडा तुमच्या नावावर मांडतो. स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम साडेचार-पाच इंच उंच असते. आपल्याकडच्या गावागावांतल्या गतिरोधकांवर ती घासणारच, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ‘घासली नाही’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि तिथेच भाड्याने घेणारा नमतो. मग बंपरचे पैसे, वर ‘गाडी गॅरेजात उभी राहील’ म्हणून तेवढ्या दिवसांचं भाडं.

म्हणून गाडी उजेडातच ताब्यात घ्या, ओली असेल तर आधी कोरडी पुसायला लावा. न थांबवता एकच व्हिडिओ काढा: मीटरवरचे किलोमीटर, इंधनाचा काटा, चारही रिमच्या कडा, टायरच्या बाजूला फुगा आहे का, काच. टप एकदा पूर्ण उघडून बंद करून दाखवायला सांगा. शेवटी मोबाईल कॅमेरा वर करून जमिनीवर ठेवा आणि पुढच्या बंपरखालून सरकवा. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात, आणि पैसे तिथेच जातात. व्हिडिओ गाडी देणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते.

नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. खासगी वापराच्या विम्यात भाड्याने देणं बसत नाही. घाटात अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळा खर्च तुमच्या गळ्यात येतो. पाटी झाकलेले फोटो पाठवणाऱ्याला टोकन देऊच नका. नंबर मिळाला की एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा प्रकार आणि विम्याची मुदत तपासा.

किलोमीटरची मर्यादा लेखी घ्या. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळला जाऊन-येऊन चारशेच्या आसपास होतात. रोजची मर्यादा ३०० असेल तर जादा दर किती, आणि गाडी आणण्या-नेण्याचे किलोमीटर कुणाच्या खात्यात, हे आधीच विचारा.

डिपॉझिट व्यवसायाच्या खात्यावरच भरा. मूळ लायसन्स, कोरा चेक, स्वतःच्या मोटरसायकलचं आरसी बुक यातलं काहीही ठेवायला देऊ नका. आधार मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं द्या. ‘डिपॉझिट परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे यायला पिन लागत नाही.

डिपॉझिटमधून पैसे कापलेच तर गॅरेजचं जीएसटी बिल आणि काढलेला जुना बंपर दाखवायला सांगा. वाहतूक दंडाच्या चलनाचं कारण पुढे केलं तर ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तारीख-वेळ स्वतः पडताळा. टोकन घेऊन फोन बंद झाला तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. गाडी मिळाली पण डिपॉझिट अडकलं असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. त्यासाठी करार, व्हिडिओ आणि पैसे भरल्याचा पुरावा जवळ हवा.