मूळ शोधायचंय: क्षेत्रोपाध्यायांची वही की डीएनए चाचणी?

मावसबहीण विचारत होती, आधी काय करू?

नावं हवीत तर नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठ. आडनाव, मूळ गाव सांगितलं की क्षेत्रोपाध्याय, म्हणजे घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणारे तीर्थक्षेत्रीचे पुरोहित, बाड सोडतात. पणजोबांची मोडीतली सही दिसली तेव्हा माझा हात थरथरला होता. खर्च प्रवासाचा नि दक्षिणेचा. कष्ट मात्र फार, मोडी वाचणारा लागतो. आणि वहीत बायकांची नावं कमी, ही खंत राहतेच.

डीएनएला लाळ पुरते, पैसे हजारांत. पूर्वजांचं नाव-गाव कळत नाही. आपल्या डीएनएत खापरपणजोबांचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. पण डीएनएचा एक छोटा भाग, मायटोकॉन्ड्रियल डीएनए, आईकडूनच येतो, त्यामुळे वहीने गाळलेली आईच्या आईची आई त्यात असते.

गाव ठाऊक असेल तर वही. दत्तक गेलेल्यांना, हयात नातलग शोधणाऱ्यांना डीएनए.