जाळीतली वाळू आणि ८,९५० रुपयांचे बिल

लातूरला आमच्या घरी सात किलो क्षमतेचे, समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन २०२१ पासून आहे. घरी आई एकटी असते आणि मी नोकरीनिमित्त नांदेडला राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात मशीन लावले की पाणी अगदी बारीक धारेने आत यायचे, थोडा वेळ गुणगुणून ते थांबायचे आणि पाणी मिळत नसल्याचा इशारा देणारी अक्षरे लुकलुकायची. वॉरंटी संपलेली होती. आईचा फोन आल्यावर मी मोबाइलवर कंपनीचे आणि शहराचे नाव टाकून शोध घेतला, सगळ्यात वर जो क्रमांक दिसला तो लावला आणि तक्रार सांगितली. पुढचे सारे नुकसान माझ्या या एका फोनपासून सुरू झाले.

समोरच्याने कंपनीचेच नाव घेऊन अदबीने बोलायला सुरुवात केली. त्याने मॉडेल विचारले, पत्ता घेतला आणि वॉरंटी संपली आहे ना, हे दोनदा विचारून घेतले. तक्रार क्रमांकाचा संदेश मात्र आला नाही. "सिस्टीम स्लो आहे, माणूस निघालाय," असे उत्तर मिळाले आणि तासाभरात माणूस खरोखरच दारात उभा राहिला, त्यामुळे संदेश का आला नाही हा प्रश्न माझ्या मनातून निघून गेला.

आलेला तरुण अंगात निळा टी-शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र घालून आला होता. त्याने आईला मावशी म्हटले, चपला बाहेर काढल्या, आणि पहिले काम म्हणजे बादलीतल्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, बुडवून ८०० च्या पुढचा आकडा तिला दाखवला. "मावशी, या बोरच्या पाण्यानं मशीनचं वाटोळं केलंय," असे सांगून त्याने रिकाम्या ड्रममध्ये एक पांढरी पूड टाकली आणि गरम पाण्याचा कार्यक्रम लावला. मागच्या पाइपाशी थोडे काम आहे म्हणून त्याने तिला चहा ठेवायला सांगितले. ती परत आली तेव्हा मशीन पाणी घेत होते. काही वेळाने सांडपाण्याच्या नळीतून काळपट, बुळबुळीत पाणी आणि पांढरे पापुद्रे बाहेर पडू लागले. ते पाहून आई इतकी ओशाळली की आपल्याच हाताने मशीन खराब झाले असे तिने मला फोनवर सांगितले.

त्यानंतर त्याने मशीनचे बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग (पीसीबी), गेल्याचे जाहीर केले आणि पिशवीतून एक करपलेले बोर्ड काढून "हे तुमचं जुनं, ठेवून घ्या" असे म्हणत तिच्या हातात दिले. बिल असे झाले: केमिकल वॉश १,६५०, बोर्ड ४,८०० आणि वर्षभराच्या देखभालीचा करार २,५००, एकूण ८,९५० रुपये. आईने ५,००० रोख दिले आणि उरलेले ३,९५० मी नांदेडहून पाठवले. पैसे पाठवताना समोर कंपनीचे नाव येण्याऐवजी एका माणसाचे नाव आले तेव्हा मी विचारले होते. कंपनीचे खाते दुपारनंतर चालू होते, असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले. पावती हाताने लिहिलेली होती आणि तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

दीड महिना मशीन चालले आणि मग तोच इशारा पुन्हा आला. करारावरचा फोन बंद लागला. या वेळी मी स्वतः लातूरला गेलो, मशीनच्या पाठीमागे चिकटवलेल्या कागदावरचा कंपनीचा क्रमांक लावला, तेव्हा पाच मिनिटांत तक्रार क्रमांक आला आणि दुसऱ्या दिवशी पन्नाशीचे एक मेकॅनिक आले. त्यांनी प्लग काढला, नळ बंद केला, मशीनच्या मागे वर जिथे पाण्याची नळी बसते तिथली चकती फिरवून नळी सोडवली आणि पकडीने आतली बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी बाहेर ओढली. जाळी बारीक वाळूने गच्च भरली होती. उन्हाळ्यात बोरची पातळी खाली गेली की मोटार तळाचा गाळ उपसते, तो गच्चीवरच्या टाकीत बसतो आणि तिथून या जाळीत येऊन अडकतो. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे घरोघरी बोर आहेत, त्यामुळे हा दोष इथे किती मशीनांत निघत असेल याचा अंदाज कुणीही करू शकतो.

मी त्यांना बोर्डही पाहायला सांगितले. मशीनमधले बोर्ड कारखान्यातून आलेलेच होते. त्याच्यावरचे मूळ लेबल, चार वर्षांची धूळ आणि स्क्रू न हललेले. आईने जपून ठेवलेले करपलेले बोर्ड दुसऱ्याच मॉडेलचे निघाले, त्याच्या जोडण्या आमच्या मशीनच्या वायरींना बसतसुद्धा नव्हत्या. म्हणजे आई चहा ठेवायला आत गेली तेवढ्या वेळात त्या तरुणाने जाळी झटकली होती, आणि मशीन त्याच्या त्या कामाने सुरू झाले होते. दोष काय आहे हे त्याला आल्याबरोबर कळले होते, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली.

काळ्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आई तिथेच हरली. थंड पाण्यात कायम कपडे धुतले आणि साबण जास्त पडला की साबणाचा चिकट थर, कपड्यांचे तंतू आणि मळ ड्रमच्या बाहेरच्या बाजूला साचत राहतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्यात भर घालतात, आणि पाणी तापवणाऱ्या हीटरवर त्यांचे पांढरे कवच चढते. अशा कोणत्याही मशीनमध्ये आम्लधर्मी पूड टाकून गरम पाणी फिरवले की काळे पाणी आणि पापुद्रे निघणारच. त्यावरून बोर्ड गेले किंवा मशीन मोडकळीस आले असे काहीही ठरत नाही. टीडीएस मीटरचेही तसेच आहे. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो. पाण्याचा जडपणा हा त्यातला एक भाग असतो आणि तो वेगळा तपासावा लागतो.

ही सफाई घरी होते. मशीनमध्ये टब क्लीनचा कार्यक्रम असेल तर महिन्यातून एकदा रिकाम्या ड्रमने तो लावावा, आणि मशीनच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व त्यात वापरता येते. आम्ही साधारण शंभर ग्रॅम वापरतो. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर यांच्याबरोबर ब्लीच कधीही घालू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दाराच्या रबराच्या घडीत पाणी आणि केस साचतात, ते कोरड्या फडक्याने पुसावे आणि धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे. खाली कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे ड्रेन फिल्टर असतो. तो उघडण्याआधी ताट ठेवावे, कारण आत थोडे पाणी असतेच. आमच्या फिल्टरमधून दोन नाणी आणि ब्लाउजचा हूक निघाला.

मेकॅनिकांनी जाळी साफ करून बसवली आणि भेटीचे ४५० रुपये घेतले, छापील बिलासह. नळाला लावायची एक जादा गाळणीही त्यांनीच सुचवली, आणि टाकी वर्षातून दोनदा उपसायला सांगितले.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेल्याचे त्याच दिवशी लक्षात आले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करता आला असता. आम्हाला कळायला दीड महिना लागला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, परंतु ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याचे खरे नाव आणि पत्ता आमच्याजवळ नाही.

लातूर, उदगीर, परळी, अंबाजोगाई या भागात कुणाच्या घरी असे करपलेले बोर्ड "तुमचं जुनं" म्हणून ठेवून कुणी गेले असेल, तर ते भंगारात देऊ नका. मशीनच्या खऱ्या मेकॅनिककडून त्याच्या जोडण्या तुमच्या मशीनला बसतात का ते पाहून घ्या, त्यांच्याकडून तसे लिहून घ्या आणि हाताने लिहिलेल्या पावतीसह ते पोलीस ठाण्यात दाखवा. आमचे बोर्ड मी अर्जासोबत जमा केले आहे.