ओपिनेल नंबर ८, कार्बनचं पातं: पावसाळ्यासकट परीक्षण

ओपिनेल हा फ्रान्सचा मिटवायचा चाकू. वजन जेमतेम ४५ ग्रॅम. पातं साडेआठ सेंटिमीटर, मिटवल्यावर लांबी ११ सेंटिमीटर. लाकडी मूठ, पातं, रिव्हेट, एक पक्कं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं. संपला चाकू. आत स्प्रिंग नाही, खटका नाही, बाजूला पितळी पट्ट्या नाहीत. पातं मिटलेलं राहतं ते लाकडाच्या खाचेने त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरलेलं असतं म्हणून. या चाकूचं कौतुकही त्यात आलं आणि तक्रारही.

फ्रान्सच्या सावोय भागात, आल्प्सच्या कुशीतल्या सँ-झाँ-द-मोरिएनजवळ जोसेफ ओपिनेल या अवजारं घडवणाऱ्याच्या मुलाने १८९० मध्ये हा बनवला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १८९७ मध्ये १ ते १२ नंबरांची, म्हणजे आकारांची, मालिका आली. १ आणि ११ नंबर १९३५ मध्ये बंद झाले. पात्यावरचा मुकुट घातलेला हात हा १९०९ चा छाप. पातं उघडं असताना अडकवून ठेवणारं फिरतं कडं, विरोब्लॉक, आलं १९५५ मध्ये, आणि मिटलेलं पातंही अडकवायची सोय २०००च्या सुमारास झाली. आजही हे फिरतं कडं ६ नंबरापासून पुढच्याच चाकूंना असतं. ५ नंबरापर्यंतच्या चाकूंना ते नसतं, त्यामुळे ते लहान मुलाच्या हाती देताना आकाराकडे बघून फसू नये.

घेताना पहिला प्रश्न येतो, कार्बन की स्टेनलेस? कार्बनच्या पात्यात ०.९ टक्के कार्बन असतो. दगडावर ते पटकन धार धरतं आणि धार बारीक येते. स्टेनलेस थोडं मऊ, पण घरात इतरांच्या हाती जाणार असेल तर तेच बरं. आपल्याकडे बहुतेक जण 'पावसात गंजेल' म्हणून स्टेनलेस घेतात आणि इथेच गफलत होते. गंज पुसता येतो. पावसाळ्यात हा चाकू खरा नडतो तो लाकडामुळे, आणि मूठ दोन्हींची एकच, बीचची. बीच पाणी पिऊन बऱ्यापैकी फुगणारं लाकूड आहे. मुठीला बाहेरून वार्निश असतं, पण खाचेच्या आत ते जवळजवळ नसतंच. जुलैत रत्नागिरीत किंवा पणजीत दमट हवा त्याच खाचेतून शिरते, भिंती फुगतात आणि पातं असं आवळलं जातं की नख तुटेल पण उघडणार नाही. स्टेनलेस घेतलंत तरी हे चुकत नाही.

अडकलेलं पातं पकडीने ओढू नका, टोक वाकतं. सावोयमधले लोक करतात ते करा. आधी कडं मोकळ्या जागी फिरवा. मूठ अशी धरा की पात्याची बाजू वर आणि बोटं तिच्यापासून लांब राहतील. मग मुठीचं मागचं टोक, पाठीच्या बाजूने, टेबलाच्या लाकडी कडेवर एकदा नीट आपटा. झटक्याने पात्याचं टोक दोन-चार मिलिमीटर बाहेर येतं, पुढचं काम नखाचं. नंतर चाकू अर्धा उघडा ठेवून सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर लाकूड बाहेरून आधी आकसतं आणि रिव्हेटपासून तडा जातो.

हे दर वर्षी नको असेल तर मे महिन्यातच एक काम उरकून घ्यावं. फिरतं कडं सर्क्लिप पक्कडने, म्हणजे कडी फाकवायच्या पकडीने, अलगद फाकवून काढा. जोर लावून ताणलंत तर परत बसवल्यावर सैल फिरतं, म्हणून लागेल तेवढंच फाकवा. पातं अर्धं उघडून रिव्हेटच्या दोन्ही बाजूंना व्हॅसलीन भरा आणि केस वाळवायच्या ड्रायरने मूठ कोमट करा, म्हणजे ते पातळ होऊन आत उतरतं. वीस-तीस वेळा उघडमीट करा, वर आलेलं पुसून टाका, कडं बसवा. अख्खी मूठ रात्रभर जवसाच्या तेलात बुडवून ठेवायचा सल्ला बरेच देतात. तो पटत नाही. तेल पिऊनही लाकूड फुगतंच, आणि खाचेत चिकट थर राहतो. जवसाचं तेल बाहेरून पातळ हाताने, तेही वार्निश घासून काढलं असेल तरच.

तरीही पातं घट्टच राहिलं तर १५० नंबरचा पॉलिश पेपर खेळायच्या जुन्या पत्त्याला गुंडाळून खाचेच्या आतून, फक्त रिव्हेटजवळ, चार-सहा हात फिरवा आणि लगेच तपासा. हे काम ऐन पावसाळ्यात करू नये. तेव्हा बरोबर वाटलेली खाच जानेवारीत लाकूड आकसलं की ढिली होते आणि पातं डुलायला लागतं. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही.

आता पातं. विळीवर कैरी चिरली की लोखंड काळं पडतं, तेच इथेही होतं. हा काळपटपणा घालवायचा नसतो, उलट आणायचा असतो. तो थर लाल गंजाला बराच अडवतो. पातं साबणाने धुऊन, कोरडं करून स्पिरिटने पुसा. कडक कोरा चहा गार करून त्यात चमचाभर व्हिनेगर घाला आणि उंच पेल्यात पातं तास-दोन तास उभं ठेवा. लाकूड आणि रिव्हेट पाण्याच्या वर एक सेंटिमीटर तरी राहू द्या. राखाडी-निळसर झालं की धुवा, पुसा, खोबरेलाचा एक थेंब चोळा. नवं कोरं कार्बनचं पातं सफरचंदाला किंवा कांद्याला लोखंडी वास देतं. थर बसल्यावर तो बराच कमी होतो.

कापायला हा चाकू सुंदर आहे. पातं पावणेदोन मिलिमीटरच्या आतलं, पाठीपासून धारेपर्यंत हलका फुगवटा ठेवून उतरत गेलेलं. हापूसची फोड काढताना ते कोयीला घासून, न अडखळता जातं. पेरू, काकडी, पाव, सुतळी, पेन्सिल, सगळं ठीक. डबा उचकटायचा नाही, नारळाच्या डोळ्यात खुपसायचं नाही. आणि कापण्याआधी कडं फिरवायचं, नेहमी. ढिल्या खाचेतलं पातं बोटावर मिटतं.

धार लावायला १००० नंबरचा दगड, मग ३००० चा, शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर पात्याची पाठ जराशी उचलून धरायची. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे हा चाकू देऊ नये. कोरड्या चाकावर इतकं पातळ पातं क्षणात तापतं. धारेजवळ निळा पट्टा दिसला की पाणी उतरलं समजा, तेवढा भाग मऊ झाला. पुढे कितीही घासा, धार टिकत नाही.

संग्रहासाठी घेणाऱ्यांनी आधी नंबर ८ कार्बन बीच घ्यावा आणि वर्षभर वापरावा. अक्रोड किंवा ऑलिव्हच्या मुठीचे नंतर बघावेत. अक्रोड बीचपेक्षा कमी फुगतो, त्याचे जादा पैसे किनाऱ्यावर राहणाऱ्याला वसूल होतात. १३ नंबरचा राक्षसी चाकू दुकानाच्या काचेत शोभतो, बाकी उपयोग नाही. त्याचं पातं २२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शस्त्र नियमांतल्या ९ इंचांच्या मर्यादेच्या जरासंच आत. नंबर ८ तर फारच आत बसतो. पण विमानात हातातल्या सामानात कुठलाच चालत नाही. चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीला तिथेच सोडून यावा लागेल.

जुना घेताना १९५५ च्या आधीचा म्हणून फिरत्या कड्याशिवायचा दाखवला तर आधी नंबर बघा. ५ किंवा त्याखालचा असेल तर फिरतं कडं नसणं हा पुरावाच नव्हे. मग नख अडकवायची खाच आणि धार यांच्यात किती पातं उरलंय ते त्याच नंबरच्या नव्या चाकूशी ताडून बघा. घासून अर्धं झालेलं पातं वापरायलाही नाही आणि ठेवायलाही नाही. मुकुटाचा हात स्पष्ट दिसत असेल, काळा थर जुना असेल आणि कुणी पॉलिशच्या चाकावर धरून चकचकीत केलेलं नसेल, तर मूठ मळकी असली तरी घ्या. मळ ओल्या फडक्याने निघतो. चाकावर पुसट झालेला छाप परत येत नाही.