दुःखातलं मूल खोटं बोलतं तेव्हा: लपवणारं खोटं की सांभाळणारं?

घरातलं माणूस गेलंय आणि एक लहान पात्र खोटं बोलतंय, अशी गोष्ट लिहायला घेतली की दोन वाटा दिसतात. एक, माणूस गेलाय हेच लपवायचं, वर्गात कोणी विचारलं की "दादा हॉस्टेलला असतो". दुसरी, गेलाय हे सगळ्यांना माहितीये पण घरातल्या कुणाला तरी सावरायला खोटं बोलायचं. मी एकाच गोष्टीसाठी दोन्ही लिहून बघितलंय, अकरा वर्षांची मुलगी, मोठा भाऊ अचानक गेलेला.

हॉस्टेलवाला ड्राफ्ट सुरुवातीला खूप छान चालला होता. तिला रोज नवे तपशील लागायचे, दादाच्या रूमची खिडकी कुठे उघडते, रूममेट किती घोरतो, आणि तेवढा वेळ दादा जिवंत असायचा. पण हे खोटं कधीतरी उघडं पडावंच लागतं, टीचर घरी फोन करणार नाहीतर मैत्रीण आईला विचारणार, आणि मला वैताग आला तो इथेच. तो सीन मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा वाचणारा मित्र ही आता पकडली जाणार का एवढंच बघत बसला, भाऊ गेलाय हे त्याच्या डोक्यातून निघूनच गेलं.

वयाचंही बघा. मेलेलं माणूस परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान नीट कळतं, त्यामुळे चार वर्षांचं मूल "बाबा उद्या येणार" म्हणालं तर त्याला खोटं म्हणावं का हाच प्रश्न आहे. आणि खोटं निभावणं तर त्याहून अवघड. 'मागे वळून खेळणं बघू नको' असं सांगून केलेल्या प्रयोगांत लहान मुलं बघितलं नाही म्हणतात आणि पुढच्याच प्रश्नाला खेळण्याचं नाव सांगून मोकळी होतात, सहा-सात वर्षांच्या मुलांतही साधारण निम्म्यांनाच माहीत नसल्याचं सोंग जमतं. म्हणजे पात्र लहान असेल तर पहिली वाट चालेल कदाचित, पण तिथेही खोटं थोडं फाटकंच ठेवा.

दुसऱ्या वाटेत एक धोका आहेच, मूल फार शहाणं होऊन बसतं. माझ्याकडे ते टळलं कारण तिचं अर्धं खोटं स्वतःसाठी होतं. आई विचारते, "शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी?" खरं म्हणजे चार्जरवरून भांडण झालेलं आणि "माझ्या वस्तूंना हात लावू नकोस" हे त्याचं शेवटचं वाक्य. ती म्हणते, "येताना आईसाठी काय आणू विचारत होता." आईही सावरते आणि भांडणही लपतं. आधी मी शेवटी कबुलीचा सीन ठेवला होता, तो काढला. तुमच्या गोष्टीला तो लागेलही, मला नाही लागला. आता आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य सांगते, आणि ही पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थांबते, आईचं सांगून होईपर्यंत.