सरकारी टीव्हीवर खेळ: वेगळी वाहिनी की मुख्य वाहिनीवरच जागा?

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारकाने खेळ कुठे दाखवावेत, याबाबत जगात दोन रीती आहेत. स्पेनमध्ये १९९४ पासून, आपल्याकडे १९९८ पासून (डीडी स्पोर्ट्स) आणि चेक प्रजासत्ताकात २००६ पासून त्यासाठी वेगळी वाहिनी आहे. बीबीसीने मात्र अशी कायमची वाहिनी कधी काढली नाही. तिथे खेळ मुख्य वाहिन्यांवर आणि ऑनलाइन दिसतात.

वेगळ्या वाहिनीची मागणी करणाऱ्यांच्या मनात बहुधा मोठ्या मॅच असतात: वर्ल्ड कप फुकट बघायला मिळावा, एवढंच. पण ते काम वाहिनी काढून होत नाही, कायद्याने होतं. ब्रिटनमध्ये ऑलिम्पिक, फुटबॉल वर्ल्ड कप, विम्बल्डनची फायनल या स्पर्धा १९९६ च्या प्रसारण कायद्यातल्या यादीमुळे फुकट वाहिन्यांवर टिकून आहेत. मायदेशातलं कसोटी क्रिकेट त्या संरक्षित गटातून १९९८ मध्ये बाहेर काढलं गेलं. २००५ ची गाजलेली अ‍ॅशेस चॅनल फोरवर फुकट दिसली आणि पुढच्याच वर्षापासून तिथलं कसोटी क्रिकेट पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं. बीबीसीकडे क्रीडावाहिनी असती तरी हे टळलं नसतं.

भारतात २००७ च्या कायद्याने प्रक्षेपणाचे हक्क घेणाऱ्या वाहिनीला राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं; टीव्हीच्या जाहिरात उत्पन्नात हक्कधारकाचे किमान ७५ टक्के आणि प्रसार भारतीचे २५. पण त्या सिग्नलला कुंपण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते दूरदर्शनचं स्वतःचं जमिनीवरचं प्रक्षेपण आणि डीडी फ्री डिश ही त्याची मोफत डीटीएच सेवा एवढ्यावरच दाखवता येतं, खासगी केबल किंवा डीटीएचवर नाही. तेव्हा मोठ्या मॅचपुरताच प्रश्न असेल, तर मुख्य वाहिनी पुरेशी आहे, किंबहुना जास्त चांगली. ती सगळ्यांना ठाऊक असते, आणि खेळात रस नसलेला माणूसही चॅनल बदलताना तिथे थबकतो.

वेगळ्या वाहिनीची खरी बाजू ज्युनियर हॉकी, राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स, कुस्ती, खो-खो, महिलांच्या लीग अशा ठिकाणी दिसते. या खेळांना अनेकदा गिऱ्हाईकच नसतं. मुख्य वाहिनीवर त्यांना दुपारचा तासभर मिळाला, तरी अ‍ॅथलेटिक्सची स्पर्धा दिवसभर चालते आणि टेनिसचा पाचवा सेट बातम्यांची वेळ पाळत नाही. मग एक तर सामना अर्ध्यावर तोडायचा, नाही तर मालिकेच्या प्रेक्षकांच्या शिव्या खायच्या. कार्यक्रम ठरवणारा माणूस कुणाची बाजू घेईल, हे सांगायला नकोच!

ऑस्ट्रियाने हा पेच मला सर्वांत पटलेल्या पद्धतीने सोडवला. तिथल्या सार्वजनिक प्रसारकाच्या क्रीडावाहिनीचं काम कायद्यातच लिहिलंय: ज्या खेळांना माध्यमांत एरवी फारशी जागा मिळत नाही, ते दाखवायचे. बड्या स्पर्धा तिच्यासाठी नाहीतच. त्यामुळे खासगी वाहिन्यांशी बोली लावायचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

खर्चाचं गणित मात्र फसवं आहे. अशा खेळांचे हक्क स्वस्त, पण कॅमेरे, ओबी व्हॅन (मैदानावरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी) आणि त्या खेळातलं कळणारे समालोचक यांचा खर्च सुटत नाही, आणि प्रेक्षक थोडे म्हणून कॅमेरे कमी लावले की चित्रण आणखी कंटाळवाणं होतं. वर चोवीस तास भरायचे असतात. ते जुन्या मॅचनीच भरणार असाल, तर वाहिनी काढूच नका.

मधला मार्गही आहे. लंडन २०१२ ला बीबीसीने ऑलिम्पिकपुरते २४ जादा प्रवाह, म्हणजे तात्पुरत्या वाहिन्यांसारखी थेट प्रक्षेपणं, उघडले आणि स्पर्धा संपल्यावर बंद केले. वर्षातून एखाद-दुसरी मोठी स्पर्धा असलेल्या प्रसारकाला हे परवडतं. मात्र हॉकीच्या ज्युनियर संघाचा त्यात काही फायदा नाही. त्याला दर आठवड्याला दिसायचं असतं.

निर्णय तुमच्या हाती असेल, तर आधी वर्षभराचं देशांतर्गत स्पर्धांचं वेळापत्रक मागवा. त्यातल्या किती स्पर्धा आज कुठेच दिसत नाहीत आणि त्यांतल्या किती नीट चित्रित करायला हाताशी माणसं आहेत, ते मोजा. दोन्ही आकडे चांगले असतील तर वेगळी वाहिनी काढा, तीही ऑस्ट्रियासारखी काम लिहून देऊन. पहिला मोठा आणि दुसरा तोकडा असेल तर वाहिनीचा पैसा आधी ओबी व्हॅनमध्ये घाला.