टिंब, क्षेत्रघनी, वर्तुळ की सममूल्य: तुमच्या आकड्यांना कुठला नकाशा?

अहवालात नकाशा टाकायचाय, आकडे हाताशी आहेत, आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर नकाशांचे चार-पाच प्रकार समोर येतात. यातल्या बहुतेकांची नावं आपण नववीच्या भूगोलात वाचलेली असतात. निवडण्याआधी एवढंच बघा: तुमचा आकडा एकूण संख्या आहे की प्रमाण?

क्षेत्रघनी म्हणजे जिल्हा किंवा तालुका रंगवायचा. आकडा मोठा, तितकी छटा गडद. सगळ्यात जास्त वापर याचाच होतो आणि चुकाही यातच होतात. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात 30,85,411 माणसं होती, तर अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) 45,43,159. एकूण लोकसंख्येवर रंग भरला तर नगर गडद, मुंबई फिकी. पण मुंबई शहर 157 चौरस किलोमीटरचं, नगर 17,048 चं. घनता काढली की 19,652 विरुद्ध 266! म्हणून क्षेत्रघनीत घनता, टक्केवारी, दर हजारी प्रमाण एवढंच घाला.

पुढे वर्ग पाडायचे, म्हणजे कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत एकच छटा हे ठरवायचं. ही पायरी लोक सॉफ्टवेअरवर सोडून देतात, ते मला फार खटकतं. घनता गडचिरोलीत 74, मुंबई उपनगरात 20,980. समान अंतराचे पाच वर्ग केले तर पहिलाच वर्ग सव्वाचार हजारांपर्यंत जातो. मुंबईचे दोन जिल्हे वरच्या टोकाला आणि उरलेले सगळे, 1,157 घनतेच्या ठाण्यासकट, एकाच फिक्या रंगात. प्रत्येक वर्गात सात-सात जिल्हे बसवले तर 603 घनतेचं पुणे मुंबईच्या रंगात जाऊन बसतं. अशा वेळी मी वर्गांच्या सीमा हातानेच ठरवते: 100, 200, 300, 500, 1,000 आणि त्यापुढे.

एकूण संख्याच दाखवायची असेल तर टिंब किंवा वर्तुळ. एक टिंब म्हणजे दहा हजार माणसं धरली तर गडचिरोलीत साधारण 107 टिंबं येतात. ती दाट जंगलात न टाकता वस्तीच्या पट्ट्यात टाका. मुंबईत मात्र टिंबांचा नुसता डाग होईल, तिथे वर्तुळ बरं. त्यात क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात हवं. उपनगराची लोकसंख्या गडचिरोलीच्या जवळपास नऊपट, म्हणून त्रिज्या तिप्पट घ्यायची. त्रिज्याच नऊपट केलीत तर वर्तुळ एक्क्याऐंशी पट मोठं होतं.

पाऊस, तापमान, उंची यांना सममूल्य रेषा, म्हणजे सारखा आकडा असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. महाबळेश्वर आणि दुष्काळी माण दोन्ही सातारा जिल्ह्यातच. जिल्ह्याला एक रंग देऊन तिथला पाऊस कसा कळणार?

आणि 2011 चे आकडे वापरत असाल तर 35 जिल्ह्यांचाच नकाशा घ्या. पालघर 2014 मध्ये वेगळा झाला. आजच्या नकाशावर तो कोरा राहील आणि अख्ख्या जुन्या ठाण्याचा आकडा उरलेल्या ठाण्यावर बसेल.