मोफत वकील मिळतो, पण मागावा लागतो: विधी सेवा प्राधिकरणाचा अनुभव

माझ्या मावसबहिणीच्या पोटगीच्या अर्जासाठी आम्ही आमच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील घेतला. ही सेवा चांगली आहे आणि गरजूंनी ती निःसंकोच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती आहे हे आम्हाला पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयाच्या आवारात कोणीही आपण होऊन सांगितले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

अर्जाचा नमुना मराठीत व सुटसुटीत होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने प्रथम तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू होत नाही. केवळ उत्पन्नाच्या आधारे मदत मागणाऱ्यालाही आपल्या उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र देता येते आणि त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण नसेल तर ते पुरेसे मानता येते. आम्ही हे कलम दाखवल्यावर सचिवांनी अर्ज त्वरित स्वीकारला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण ज्या बाईला कलम ठाऊक नाही, ती त्या खिडकीवरून तहसील कचेरीकडे आणि तेथून बहुधा घरी परतली असती.

नेमून दिलेल्या वकीलबाईंचे काम मला मनापासून आवडले. वकीलपत्रावर सही होताच त्यांनी बँकेचे पासबुक, घरभाड्याच्या पावत्या, मुलाच्या शाळेची फी आणि औषधांची बिले मागवून घेतली, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याच निर्णयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे सूत्र घालून दिले. त्यामुळे अर्ज दाखल करण्यात दिरंगाई झाली तर तेवढ्या महिन्यांचे नुकसान होते, हे त्यांनी बहिणीला पहिल्याच भेटीत समजावले. त्यांनी एक रुपयाही मागितला नाही, आणि नियमाने तो मागताही येत नाही. उणीव इतकीच की काही तारखांना त्या स्वतः येऊ शकल्या नाहीत. पॅनेलवरील वकिलांचे मानधन अल्प आहे आणि त्याचा परिणाम पक्षकाराला जाणवतो.

ही सेवा सरकारची मेहेरबानी नाही, हे येथे आवर्जून लिहावेसे वाटते. ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचा अनुच्छेद ३९क राज्यघटनेत आला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नव्हती. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत वेळेत व विनामूल्य देणे आणि अपिलासाठी वकील पुरवणे हे अनुच्छेद २१ शी, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काशी जोडले, आणि पुढच्याच वर्षी बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात ती भूमिका अधिक पक्की झाली. खत्री प्रकरणात, डिसेंबर १९८० मध्ये, आरोपीला या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. १९८६ मध्ये तर अरुणाचल प्रदेशातील सुक दास यांची शिक्षा रद्द झाली, कारण वकील मागता येतो हे त्यांना सांगितलेच गेले नव्हते आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. हे निर्णय फौजदारी आरोपींविषयीचे आहेत, हे मान्य. परंतु ज्याला हक्क ठाऊक नाही तो त्याची मागणी करणार कशी, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न पोटगीसाठी आलेल्या बाईलाही तितकाच लागू पडतो. म्हणूनच खिडकीपाशी कलम १२ मधील यादी ठळक मराठीत लावणे, ही माझी त्या कार्यालयाकडे लेखी मागणी आहे.

जाणाऱ्यांनी ओळखपत्र, प्रकरणाची असतील ती कागदपत्रे आणि अर्जाची एक जादा प्रत न्यावी व त्या प्रतीवर पोच घ्यावी. जिल्ह्याचे ठिकाण दूर असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, आणि १५१०० या हेल्पलाइनवरही चौकशी करता येते.